धूमकेतूंचे पाणी आणि सरधोपट विधाने

मा. संपादक,

‘पृथ्वीवरचे पाणी धूमकेतूंनी आणले’ हे वाक्य विज्ञानविषयक मजकुरात सर्रास छापले जाते. ते इतके सरळ नाही.

कसोटी आहे जड हायड्रोजनची, म्हणजे ड्युटेरियमची: धूमकेतूच्या पाण्यातले त्याचे प्रमाण समुद्राशी जुळले, तरच तो दावा टिकतो. समुद्राच्या पाण्यात दर १० लाख हायड्रोजन अणूंमागे ते सुमारे १५६ असतात. हॅलेच्या धूमकेतूत हे प्रमाण जवळपास दुप्पट निघाले. ६७पी धूमकेतूवर रोझेटा यानाने २०१४ मध्ये सुमारे ५३० मोजले, पण हार्टली-२ मध्ये ते १६१ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ समुद्राइतकेच! मोजणीही किचकट असते. साध्या पाण्याच्या रेणूचे वस्तुमान १८, ड्युटेरियमवाल्याचे १९. पण ऑक्सिजन-१७ (ऑक्सिजनचे किंचित जड रूप) असलेला रेणूही १९ च्याच घरात बसतो. वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणाच्या आलेखावर दोन्हींची शिखरे वेगळी दिसली नाहीत तर आकडा फुगतो. शिवाय धूमकेतूच्या केंद्रकाजवळच्या (मधल्या घन गोळ्याजवळच्या) धुळीमुळे ६७पीचा आकडा वाढलेला दिसला असावा, असे २०२४ च्या फेरविश्लेषणातून पुढे आले.

मला त्याहून नवल वाटते ते स्टारडस्ट यानाचे. वाइल्ड-२ या धूमकेतूची धूळ त्याने एरोजेल या धुरासारख्या हलक्या घन पदार्थात पकडली आणि २००६ मध्ये पृथ्वीवर आणली. त्या कणांत हजार अंशांहून अधिक तापमानाला बनणारी खनिजे सापडली. बर्फाच्या गोळ्यात भट्टीतला माल! म्हणजे सूर्याजवळ तयार झालेले कण ग्रह बनण्याच्या काळातच पार नेपच्यूनपलीकडे फेकले गेले होते.

एक वाचक, पुणे