सॅल्मनचा दुष्काळ नुसत्या पावसात मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नदीत जन्मून समुद्रात वाढणाऱ्या आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत परतणाऱ्या, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅल्मन माशांविषयी आपण दिलेले वृत्त वाचले. विषय हाताळलात याचे समाधान आहे. पण ‘पाऊस कमी, नद्या आटल्या, मासे मेले’ एवढ्यावरच वृत्त आटोपले. असे म्हटले की सगळे आभाळाच्या माथी मारून मोकळे होता येते. पाणी खरे मुरते ते वेगळ्याच ठिकाणी.

२०१५ सालचेच बघा. वॉशिंग्टन राज्यात त्या हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ मिळून आकडा जवळपास सरासरीचाच होता. मात्र हिवाळा उबदार गेल्याने डोंगरांवर बर्फाऐवजी पाऊसच पडला आणि तेव्हाच्या तेव्हा वाहून गेला. उन्हाळाभर हळूहळू वितळून नद्यांना गार पाणी पुरवणारा साठा झालाच नाही. मे महिन्यात राज्यभर दुष्काळ जाहीर झाला. पुढे कोलंबिया नदी इतकी तापली की समुद्रातून परतणारे सुमारे अडीच लाख सॉकाय जातीचे सॅल्मन वाटेतच मेले. नदी कोरडी पडली नव्हती, पाणी डोळ्यांना दिसत होते. पण गोड्या पाण्यात शिरल्यावर हा मासा खाणे जवळजवळ सोडतो आणि अंगातल्या चरबीवर प्रवाहाविरुद्ध चढत राहतो. पाणी २० अंशांच्या पुढे गेले की त्यातला प्राणवायू कमी होतो, माशाची चरबी झपाट्याने जळते आणि रोग बळावतात. म्हणून पाणी किती आहे याच्या जोडीला ते किती गार आहे आणि कोणत्या महिन्यात आहे, हे विचारायला हवे.

कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या चिनूक सॅल्मनची एक जात हिवाळ्यात नदीत शिरते आणि ऐन उन्हाळ्यात अंडी घालते. वेळ चुकीची वाटते खरी. पण पूर्वी ही जात वर डोंगरात, झऱ्यांच्या थंडगार पाण्यात जात असे, तेव्हा ती वेळ बरोबरच होती. १९४०च्या दशकात शास्ता धरण झाले आणि ती वाट बंद पडली. आता मादी धरणाखालच्या तापलेल्या खोऱ्यात शेपटीने खडी उकरते, खळग्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. त्या खडीतून झिरपणारे पाणी साधारण १३ अंशांच्या वर गेले की अंडी मरू लागतात. गार पाणी मिळते ते जलाशयाच्या तळातून सोडलेले. २०१४ आणि २०१५ मध्ये दुष्काळाने जलाशय खाली गेला, तळातला गार साठा हंगामभर पुरला नाही आणि दोन्ही वर्षी ९५ टक्क्यांच्या आसपास अंडी-पिल्ले गेली. हे मासे बहुतेक तीन वर्षांचे होऊन परततात. म्हणजे लागोपाठ दोन वर्षे गेली की तीनपैकी दोन पिढ्यांवर पाणी पडले.

पाऊस निर्दोष आहे असे मात्र नाही. २०२२ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या मध्य किनाऱ्यावर शरद ऋतूतला पाऊस लांबला आणि हाइल्ट्सुक या आदिवासी लोकांच्या प्रदेशातील नीकस ओढा आटला. अंडी घालायला आत शिरलेले पिंक आणि चम जातींचे सॅल्मन या काठापासून त्या काठापर्यंत मरून पडले. मोजणी ६५ हजारांच्या घरात गेली. कित्येक माद्यांच्या पोटात अंडी तशीच होती.

जंगलाचा उल्लेख आपल्या वृत्तात एका ओळीत आहे. तो विस्ताराने हवा होता. कॅलिफोर्नियातील दुष्काळात २०१० ते २०१७ दरम्यान सुमारे १२ कोटी ९० लाख झाडे वाळली. तहानलेल्या झाडाला पुरेसा डिंक सोडता येत नाही, त्यामुळे सालीत शिरणारे भुंगेरे त्याला बाहेर ढकलता येत नाहीत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. ओढ्यावरची सावली गेली की पाणी आणखी तापते.

पण झाडे उभी आहेत म्हणजे सगळे ठीक, असेही समजू नये. ऑरेगनच्या डोंगरात दीर्घकाळ केलेल्या मोजणीत दिसले, की जुने जंगल तोडून लावलेल्या ३४ ते ४३ वर्षांच्या डग्लस फर या सूचिपर्णी झाडांच्या लागवडीखालून उन्हाळ्यात ओढ्याला येणारे पाणी १५० वर्षांवरील जुन्या जंगलाच्या मानाने सुमारे निम्मेच होते. वाढत्या वयाची झाडे पाणी भराभर ओढतात. म्हणजे पाऊस तोच, डोंगर तोच, हिरवाई तीच आणि ओढा अर्धा. झाडे लावली की काम झाले, असे मानणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. उलट बाजूने जंगलही सॅल्मनचे देणे लागते. अस्वले मासे उचलून रानात नेतात आणि अर्धे खाऊन टाकून देतात. समुद्रातले नत्र असे झाडांच्या मुळाशी पोचते.

यावर उपाय म्हणून काय होते? दुष्काळात पाणी टँकरने येते हे ठाऊक होते. कॅलिफोर्नियात मासेच टँकरने जातात. उबवणी केंद्रातली लाखो पिल्ले नदी टाळून थेट खाडीत सोडली जातात. ती जगतात, पण नदीचा वास ओळखीचा न झाल्याने परतताना भलत्याच नदीत शिरतात. तात्पुरती मलमपट्टी म्हणून ठीक, पण तिलाच धोरण म्हणू नये. २०२३ पासून लागोपाठ तीन वर्षे तिथली व्यावसायिक सॅल्मन मासेमारी बंद ठेवावी लागली.

याउलट ऑरेगन आणि कॅलिफोर्नियातून वाहणारी क्लॅमथ नदी घ्या. २००२ च्या सप्टेंबरात उथळ, कोमट पाण्यात दाटी होऊन कल्ल्यांच्या रोगाने तिथे ३० हजारांहून अधिक मासे मेले होते. युरोक आणि इतर आदिवासी लोकांनी त्यानंतर वर्षानुवर्षे लढा दिला. २०२४ मध्ये चार धरणे उतरवली गेली आणि त्याच ऑक्टोबरात चिनूक सॅल्मन ऑरेगनमधील वरच्या ओढ्यात दिसले. तिथे काही पाऊस वाढला नव्हता. गार पाण्याकडे जाणारी वाट मोकळी झाली होती.

तेव्हा विनंती एवढीच, की या विषयावरील पुढच्या वृत्तात पावसाच्या टक्केवारीशेजारी डोंगरावरचा बर्फ आणि नदीच्या पाण्याचे तापमान हे दोन आकडेही छापावेत. तिथे ते नियमित मोजले जातात आणि सर्वांसाठी खुले असतात.

आपला,
एक नियमित वाचक