घरी पोहोचवले, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्यावर वर्षानुवर्षे भटकणारा एखादा मनोरुग्ण घरी परतल्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. सोबत आईने मारलेल्या मिठीचे छायाचित्र असते. अशा बातम्या जरूर याव्यात. पण त्या मिठीपाशीच थांबतात आणि वाचणाऱ्याचा समज होतो की मायेची माणसे भेटली, आता हा बरा झाला. घरच्यांची खरी कसोटी मात्र भेटायला आलेली माणसे पांगल्यावर लागते.

माझा चुलतभाऊ असाच परतला. त्याला स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार आहे. एका संस्थेने त्याला रस्त्यावरून उचलले, उपचार केले, पत्ता शोधून घरी आणून सोडले. सुरुवातीला तो गादीवर झोपतच नसे. भिंतीला पाठ लावून जमिनीवर पडायचा आणि चपला उशाला घ्यायचा, रात्रीत कुणी नेतील म्हणून. काकूंनी त्याला एकदाही टोकले नाही. चपला ठेवायला एक धुतलेली पिशवी तेवढी दिली. चपला उशाशीच राहिल्या, पण तो निवांत झोपू लागला. मग काकांना वाटले, पोरगा आता बरा आहे, कशाला उगाच गोळ्यांचा मारा? प्रेमापोटीच गोळ्या थांबल्या. थोड्याच दिवसांत त्याची झोप उडाली, कानात आवाज येऊ लागले आणि एका पहाटे तो न सांगता बाहेर पडला. शेजाऱ्यांनी ओळखून परत आणला म्हणून वाचला. काकांची माया काकूंपेक्षा कमी नव्हती. या आजारात बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवायचे नसते, हे त्यांना कुणी नीट बसवून सांगितले नव्हते, एवढेच.

‘घरच्यांनी टाकले’ असे आपण सहज म्हणून जातो. काही घरांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण कितीतरी वेळा आजारच माणसाला घरातून नेतो. कुणीतरी मारायला टपले आहे असा संशय मनात घट्ट बसतो, माणूस दिसेल त्या गाडीत चढतो आणि भाषा न कळणाऱ्या मुलखात उतरतो. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली ‘श्रद्धा’ संस्था सुरू केली आणि अशा हजारो जणांना देशभर आपापल्या घरी पोहोचवले. डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. त्यांच्या कामाचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी औषधोपचार, मग घराचा शोध. औषध लागू पडले की माणूस स्वतःचे नाव सांगतो, हळूहळू गावाचे नाव आठवते. उपचारच झाले नाहीत तर पत्ता सांगणार कोण?

घरी गेल्यावरही माया कोणत्या रीतीने केली जाते, यावर बरेच अवलंबून असते. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. ज्या घरांत सतत बोल लावले जात, राग राग होई, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त दिसले. अती काळजीचेही तेच. क्षणभर नजरेआड होऊ न देणे, प्रत्येक घासाला रडणे, यानेही रुग्ण ढासळतो. ‘तुझ्यामुळे आमचे किती हाल झाले’ हे वाक्य कितीही खरे असले तरी त्या माणसासमोर बोलायचे नसते. हे घरच्यांना शिकवावे लागते, आणि ते शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे.

कायदा आपल्याकडे चांगला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, भटकणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावे लागते. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा आहे. अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मोफत मिळाली पाहिजेत, असेही हा कायदा सांगतो. प्रत्यक्षात आमच्या घराला गोळ्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालाव्या लागल्या. ज्याची मजुरी बुडते त्याने हे दर महिन्याला कसे करायचे? रोजच्या गोळीऐवजी काही आठवड्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शनेही आहेत. गोळ्या चुकवणाऱ्या रुग्णाच्या घरी त्यांचा केवढा आधार होतो. तीही जवळ मिळायला हवीत.

आणि ज्यांना घरच उरलेले नाही, किंवा घर दार उघडत नाही, विशेषतः बायका, त्यांचे काय? केवळ कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कुणाला मनोरुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, हेही याच कायद्यात आहे. १९९३ साली चेन्नईत सुरू झालेल्या ‘द बनियन’ संस्थेने अशा काही जणींना साध्या वस्तीत घर करून दिले. चार-पाच जणी मिळून राहतात, मदतीला कार्यकर्त्या असतात. मायेला रक्ताचेच नाते लागते असे नाही. आपल्या सरकारने अशी घरे जिल्ह्याजिल्ह्यात उभी करायला काय हरकत आहे?

माझी आरोग्य विभागाला विनंती आहे की, रुग्ण घरी सोडला त्याच दिवशी त्याची उपचाराची कागदपत्रे जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचावीत आणि गावच्या आशा सेविकेला कळवले जावे. क्षयरोग्याने औषध घेतले की नाही हे त्या पाहतातच. तशीच विचारपूस या घरांचीही व्हावी, आणि या वाढीव कामाचा मोबदला त्यांना वेगळा मिळावा. घरात औषधावरून अडचण आली, रुग्ण पुन्हा बिथरला, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. हा क्रमांक आपण ठळक छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक