मुलांना स्लाइड नको, प्रयोग दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी भाचीला विज्ञानाच्या एका व्याख्यानाला घेऊन गेलो होतो, सातवीत आहे ती, आठवडाभर मागे लागली होती. हॉल भरलेला, पण वक्त्यांनी दीड तास नुसत्या स्लाइड वाचल्या, त्याही निम्म्या इंग्रजीत, आणि मुलांनी हात वर केले तर म्हणे वेळ संपली. पोरगी रिक्षात एक शब्द बोलली नाही. खूप वाईट वाटलं.

घरी आल्यावर तिला मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. लोहाराचा मुलगा, लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात शिकाऊ होता, 1812 मध्ये तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, सगळं उतरवून काढलं, स्वतः बाइंडिंग करून डेव्हीलाच पाठवलं आणि पुढच्या वर्षी त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरीला लागला. पुढे हाच माणूस नाताळात मुलांसाठी व्याख्यानं द्यायचा, आणि नुसत्या मेणबत्तीवर त्याने सहा व्याख्यानं दिली, प्रत्येक गोष्ट समोर करून दाखवत!

मग आम्हीही लाइट गेल्यावर लागते ती मेणबत्ती काढली. फुंकर मारली की वातीतून पांढरा धूर निघतो ना, त्या धुराला वरच्यावर पेटती काडी धरायची, वातीला टेकवायची नाही, तर ज्योत धुरातून खाली उतरते आणि वात परत पेटते. कारण तो धूर म्हणजे मेणाची वाफच, आणि जळते ती वाफ. पहिल्या दोन वेळा जमलं नाही, पंखा चालू होता. तिसऱ्यांदा जमलं आणि भाची ओरडलीच, आजी इकडे ये लवकर.

गॅलिलिओनेसुद्धा 1632 चा ग्रंथ लॅटिन सोडून लोकांच्या इटालियनमध्ये लिहिला, तोही तिघांच्या गप्पा म्हणून. आणि लांब कशाला जायचं, आपल्या पुण्यात जयंत नारळीकर होते, आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी करणारे, मुलं सही मागायला आली की म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तर आणि सही दोन्ही मिळेल. एवढा मोठा माणूस शाळकरी पोरांना हाताने उत्तरं लिहायचा हो!

म्हणून आयोजकांना विनंती, एक तरी प्रयोग स्टेजवर करा आणि प्रश्नांना अर्धा तास राखून ठेवा. आणि तुम्हाला विनंती अशी की आठवड्यातून एकदा अर्धा कॉलम मुलांच्या प्रश्नांना द्या, पुण्यात शास्त्रज्ञ काही कमी नाहीत, ते मराठीत उत्तरं देतील. भाचीचा प्रश्न आत्ताच पाठवतो: ज्योतीच्या आत, वातीजवळ, काळसर का दिसतं?

आपला एक वाचक,
कोथरूड, पुणे