नळाबरोबर छातीचेही विचारणार : सोलापूरच्या पालकमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा

विषय : फुप्फुसांच्या आरोग्याचा प्रश्न उमेदवारांना विचारण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. निवडणूक आली की आमच्या गल्लीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला पहिला प्रश्न पाण्याचा विचारला जातो, आणि तो विचारला जातो म्हणूनच उजनीची समांतर जलवाहिनी गेली कित्येक वर्षे इथल्या प्रत्येक प्रचारसभेत वाहत आली आहे. चार-पाच दिवसांआड येणारे पाणी चुकले, तर अख्ख्या गल्लीला एकाच सकाळी कळते. खोकल्याचे तसे होत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरात, बहुधा रात्री येतो आणि सकाळी कोणी विचारलेच तर ‘हवा बदलली’ एवढ्यावर विषय मिटतो. या वेळी मात्र छातीचा प्रश्नही नळाच्या प्रश्नाइतक्याच ठणकावून विचारायचा, असे आम्ही काही शेजाऱ्यांनी ठरवले आहे. ज्यांना विचारणार त्यांना तो आधी कळावा म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे, आणि इतर मतदारांनीही वाचावे म्हणून ते उघड लिहीत आहे.

आमच्या शेजारच्या अक्का गेली चाळीस वर्षे विड्या वळतात. रात्री भिजवून गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पाने सकाळी कैचीने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घ्यायची आणि मान खाली घालून वळत राहायचे. नाक आणि सूप यांच्यात हातभराचेही अंतर नसते. तंबाखू चाळली की तिची बारीक पूड खोलीभर होते, अंथरुणावर बसते, भाताच्या पातेल्यावरही बसते. तीन वर्षांपूर्वी अक्कांना जिना चढवेना. एका दवाखान्यात त्या तीनदा गेल्या. क्षय नाही एवढे पाहून खोकल्याचे औषध मिळाले आणि तिसऱ्या वेळी वयाचा दाखला मिळाला. पुढे एका खासगी डॉक्टरांनी त्यांना नळीत जोराने, निदान सहा सेकंद न थांबता फुंकायला लावले. अक्कांची फुंक दुसऱ्या सेकंदालाच तुटली. श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्याचे निदान झाले आणि तंबाखूच्या धुळीबरोबर जुन्या चुलीच्या धुराचेही नाव निघाले. बाहेर आल्यावर अक्का मला म्हणाल्या, “मी तर जन्मात विडी ओढली नाही, सर.” त्यांना मी काय उत्तर देणार होतो?

या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. यात गेलेली ताकद परत येत नाही. जेवढी उरली तेवढी राखता येते, म्हणून तो लवकर ओळखण्याला सगळे महत्त्व आहे. फुंकून घेण्याच्या त्या तपासणीचे, म्हणजे स्पायरोमेट्रीचे, यंत्र टेबलावर मावते आणि सुई टोचावी लागत नाही. तरीही ती तपासणी विडी कामगार बाईच्या वाट्याला येते ती दम लागू लागल्यानंतर, आणि तीही नशीब असेल तर.

विडी कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६६ चा स्वतंत्र कायदा होता. १९७६ पासून विड्यांवर कल्याण उपकर घेतला जात होता आणि त्यातून या बायकांच्या दवापाण्याची काही सोय होत होती. जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्ये, तो उपकर रद्द झाला. विडीवर कर किती असावा यावर त्यानंतरही पुष्कळ बोलले गेले, पण वळणारीच्या छातीसाठी राखलेला पैसा गेला, यावर आमच्या भागात मते मागायला आलेल्यांपैकी कोणी बोललेले मला आठवत नाही. दोष त्यांचा एकट्यांचा कसा म्हणू? आम्हीही विचारले नव्हते.

मागावरच्या कामगारांची कहाणी थोडी वेगळी आहे. माझे वडील यंत्रमागावर होते. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळायची, पुढच्या दिवसांत जरा सैल पडायची. घरी त्याला आळस म्हणत. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची सुरुवात नेमकी अशीच असते, हे मला ते गेल्यावर कळले. नुकसानभरपाईच्या कायद्याने हा व्यावसायिक आजार मानला आहे, पण ज्याची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नाही त्याने हा आजार कामावर जडल्याचे सिद्ध कसे करायचे?

राहिली बाहेरची हवा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांत सोलापूर आहे, म्हणजे इथली हवा ठरलेल्या मानकात बसत नाही हे सरकारनेच मान्य केले आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या २०२४ च्या अभ्यासानुसार देशभरात या कार्यक्रमाच्या निधीतील सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीवर खर्च झाली. धूळ झाडली पाहिजेच, आमच्या रस्त्यांवर तर फारच. पण फुप्फुसात सर्वांत खोल उतरतात ते अडीच मायक्रॉनहून लहान कण, आणि ते मुख्यतः जळण्यातून येतात : डिझेल, कोळसा, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा. झाडू मारून हा धूर आटोक्यात येत नाही.

आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात, म्हणून मागणे सरळ आपल्याकडे आहे. जिल्हा वार्षिक योजनेतून पूर्व भागातल्या प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात स्पायरोमेट्रीचे यंत्र आणि ते चालवणारे प्रशिक्षित माणूस द्यावे, विडी आणि माग कामगारांची तपासणी वर्षातून एकदा त्यांच्या वस्तीत व्हावी, आणि निदान झालेल्यांना इन्हेलर महिनाअखेरीसही मिळावा. शहराच्या हवेचा रोजचा आकडा चौकातल्या फलकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लागावा. यंत्र दिले आणि माणूस दिले नाही तर ते कपाटात जाते, एवढे मी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिले आहे.

मतदारबंधूंनो आणि भगिनींनो, उमेदवार दारात आला की त्याला एवढेच विचारा : आमच्या वॉर्डात फुंकायचे यंत्र कुठे आहे, आणि ते कोणत्या वारी चालू असते? जागा आणि वार सांगता आला नाही, तर तसे वहीत लिहून ठेवा. आमच्या गल्लीतली वही माझ्याकडे आहे.

महोदय, आपली सभा आमच्या चौकात होईल तेव्हा अक्का पुढच्या रांगेत बसणार आहेत. त्या तेलुगूत विचारतील आणि मधे दम घ्यायला थांबतील, तेवढा वेळ माईक त्यांच्या हाती राहू द्यावा. उत्तर मराठीत दिले तरी त्यांना समजते.

आपला,
पूर्व भागातील एक मतदार, सोलापूर