सहा जणांच्या लिफ्टमध्ये आई एकटीच मावली

माननीय संपादक,

म्हापशातल्या एका कमर्शियल बिल्डिंगमध्ये, नाव कशाला घ्या, तिसऱ्या मजल्यावर आईच्या हाडांच्या डॉक्टरांचं क्लिनिक आहे. आई व्हीलचेअरवर. मागच्या महिन्यात नेलं तर खुर्ची लिफ्टच्या दारातून हाताची बोटं खरचटत कशीबशी आत गेली, पण पाय ठेवायच्या पट्ट्या बाहेरच, दार बंदच होईना. वॉचमन म्हातारा, बिचारा सारखा म्हणतोय "जातलें गो बाय, जातलें", शेवटी त्यानेच पट्ट्या काढल्या, आईचे पाय आत ओढून धरायला सांगितले आणि तिला एकटीला वर पाठवलं. मी जिन्याने धावत. आत दुसऱ्या माणसाला पाय ठेवायलाही जागा नव्हती, आणि पाटीवर काय तर सहा व्यक्ती, ४०८ किलो!

घरी येऊन हिशेब केला. आपल्याकडे लिफ्टची माणसं वजनावर मोजतात, एका माणसाचे ६८ किलो, म्हणून सहाचे ४०८, आठचे ५४४, तेराचे ८८४. (युरोपात ७५ धरतात. आपल्याकडे चतुर्थीच्या नेवऱ्या खाऊन ६८ वर कोण राहतं ते त्या स्टँडर्डवाल्यांनाच माहीत.) आई ५० किलोची, खुर्ची १८ ची, म्हणजे कागदावर बरोब्बर एक माणूस, अजून पाच जण चढू शकतात. भारतीय मानकातल्या सहा जणांच्या लिफ्टचा डबा ११०० मिलिमीटर रुंद आणि १००० खोल, दार ७०० चं. आमची खुर्ची टेपने मोजली तर ६५ सेंटीमीटर रुंद आणि पट्ट्यांसकट १०५ लांब. मग मावणार कशी? अडलं ते वजनावर नाहीच, जागेवर अडलं आणि पाटीवर जागेबद्दल एक अक्षर नसतं.

नियम नाहीत असंही नाही. केंद्राच्या २०१६ च्या मॉडेल बिल्डिंग बायलॉजमध्ये सरळ लिहिलंय की जिथे लिफ्ट लागते तिथे निदान एक तरी व्हीलचेअरवाल्यांसाठी हवी, तेरा जणांची, आत २००० बाय ११००, दार ९०० चं, आणि दार निदान पाच सेकंद उघडं राहायला हवं. त्यातही खुर्ची आत फिरवता येत नाहीच, फिरवायला दीड मीटर लागतो, उलटंच बाहेर यावं लागतं, म्हणून मागच्या भिंतीला आरसा हवा. आमच्या त्या लिफ्टमध्ये आरशाच्या जागी कुठल्यातरी क्लासची जाहिरात चिकटवलीय.

आता बिल्डर म्हणणार मोठा शाफ्ट, म्हणजे लिफ्ट वरखाली जायची पोकळी मोठी केली की प्रत्येक मजल्यावर तेवढी जागा गेली, ती कोण विकत घेणार. बरोबर आहे, त्याचा धंदा आहे. पण खाली दुकानं आणि वर डॉक्टर, लॅब, वकील, सीए हे आपल्याकडच्या प्रत्येक गावातलं चित्र आहे, आणि अर्ध्या घरांत मुलं बाहेर, मागे म्हातारी माणसंच. वरच्या मजल्यांवर चढणारी गर्दी ही यांचीच, तरुण पोरं काय जिन्यानेही जातील. २०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव होतो, चांगलाच होतो, मी स्वतः आईला घेऊन गेलेय. तिथे रॅम्प असतात, माणसं मदतीला असतात. मग म्हापशात साधं डॉक्टरकडे जाताना पट्ट्या का काढाव्या लागतात?

माझं म्हणणं एवढंच आहे की ऑक्युपन्सी, म्हणजे नवी बिल्डिंग वापरायचा दाखला देताना फाइलमधला लिफ्टचा कागद बघून सही करू नका, एक व्हीलचेअर घेऊन या आणि मागे धरणाऱ्या माणसासकट ती आत ढकलून बघा, दार लागलं तर सही. पाटीवर माणसांच्या आकड्याशेजारी दाराची रुंदीही लिहा, म्हणजे निघण्याआधी फोनवर विचारता तरी येईल. जुन्या बिल्डिंगचा शाफ्ट काही रुंद होणार नाही हे मलाही कळतं, पण तिथे आरसा लावायला आणि दाराचं टायमिंग वाढवायला कितीसा खर्च येतो? आणि क्लिनिकला जागा भाड्याने देताना तळमजला आधी विचारात घ्यायला काय हरकत आहे.

आमची पुढची अपॉइंटमेंट शुक्रवारी आहे, म्हणजे नेमका बाजाराचा दिवस, गाडी उभी करायला जागा मिळेल तर शपथ. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलंय, आजींना वर आणू नका, मीच खाली गाडीपाशी येऊन बघतो.

एक वाचक, म्हापसा