श्रेय केवळ सम्राटांचे नव्हे

महोदय,

मिंग आणि छिंग राजघराण्यांच्या काळातील चिनी मातीच्या भांड्यांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. सम्राटांची अभिरुची आणि युरोपातील मागणी यांवर त्यात भरभरून लिहिले आहे; मात्र ही भांडी ज्यांनी घडवली, त्या चीनमधील जिंगदेझेन या गावच्या कारागिरांची एका वाक्यात बोळवण केली आहे, याचे वाईट वाटले.

या गावातील कामाची पद्धत दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूने १७१२ च्या पत्रात बारकाईने टिपली आहे. काठालगतचे रंगीत वर्तुळ काढणारा एक, फुलांच्या बाह्यरेषा काढणारा दुसरा, त्यांत रंग भरणारा तिसरा, असे एकेक भांडे ७० जणांच्या हातांखालून जाते, असे तेथील लोक त्याला सांगत.

लेखात ज्यांचे कौतुक आहे, त्या वानली सम्राटाच्या काळातील ड्रॅगनचित्रांच्या प्रचंड रांजणांचा इतिहास तर अंगावर काटा आणणारा आहे. एवढ्या मोठ्या आकाराचे भांडे भाजताना तडकते वा वाकडे होते. रांजण वर्षानुवर्षे साधेनात आणि दरबारी खोजा अधिकाऱ्याचा जाच मात्र वाढत गेला, तेव्हा सोबत्यांचे हाल न पाहवून तोंग बिन या भट्टीकामगाराने १५९९ मध्ये पेटत्या भट्टीत उडी घेतली, अशी तेथील परंपरा सांगते. कामगार त्याला भट्टीचा देव मानू लागले. पुढे १७२८ मध्ये शाही कारखान्यावर आलेल्या तांग यिंग या अधिकाऱ्याने, ज्याने काम शिकण्यासाठी तीन वर्षे कारागिरांबरोबरच जेवणखाण आणि विश्रांती घेतली, एका मंदिराच्या कोपऱ्यात टाकून दिलेला वानलीच्या काळचा एक सदोष रांजण पाहिला, दोन भोयांकरवी उचलून आणवला आणि तोंग बिनच्या देवळाजवळ उंच चौथऱ्यावर बसवला. दरबाराने नाकारलेल्या भांड्याला असा मान देणारा अधिकारी माझ्या मते कोणत्याही सम्राटापेक्षा मोठा रसिक होता.

याच तांग यिंगने १७४३ मध्ये छ्येनलोंग सम्राटाच्या आज्ञेवरून भांडी घडवण्याच्या २० चित्रांना टिपणे लिहिली. दगड-माती खणण्यापासून सुरू होणारी ही मालिका भट्टीच्या देवाच्या पूजेपाशी संपते आणि तिथल्या टिपणात तोंगची हकिगत आहे. आपल्या पुरवणीने ही चित्रे टिपणांसह क्रमशः छापावीत, अशी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, ठाणे