भोकराच्या चिकात अडकलेले पक्षी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सायप्रसवरचा प्रवासलेख वाचला. लार्नाकाच्या खाऱ्या तलावावरचे रोहित पक्षी, काठावरची हाला सुलतान तेक्केची मशीद, भाजलेले हलूमी चीज, सगळे झकास उतरले आहे. मुलगी लिमासोलला नोकरीला असल्याने मीही दोनदा तिथे महिना-महिना राहून आलो आहे, गळ्यात दुर्बीण अडकवूनच. पण गावाकडच्या खानावळीत मेन्यूकार्डावर नसलेले पदार्थ मागून खावेत, हा लेखातला सल्ला वाचून अडखळलो.

कारण कार्डावर न छापता, ओळखीच्या गिऱ्हाइकालाच जे वाढले जाते, त्यात 'अंबेलोपुलिया' असते. म्हणजे द्राक्षमळ्यातले पक्षी. भाजलेले किंवा उकडलेले, अख्खेच्या अख्खे, ताटलीत डझनभर. त्यात मुख्यतः काळ्या टोपीचा वटवट्या असतो. त्याचे वजन जेमतेम वीस ग्रॅम. युरोपातून आफ्रिकेकडे निघालेला हा जीव समुद्र ओलांडण्याआधी या बेटावर दम खायला उतरतो. ताटलीचा भाव 40 ते 80 युरो. एके काळी गरीब शेतकऱ्याला एवढेच मांस परवडत असे, हे खरे. आज ती चैन आहे.

पकडण्याची जुनी पद्धत म्हणजे चिकट काड्या. एका स्थानिक पक्षीमित्राने जप्त झालेली अशी एक काडी मला दाखवली होती. चीक कशाचा, विचारले तर त्याने मोबाइलवर फळाचा फोटो उघडून दाखवला. बघतो तर भोकर! आमच्या आईच्या हातचे भोकराचे लोणचे गल्लीत प्रसिद्ध होते, आणि शाळेत भूगोलाच्या वहीत नकाशे आम्ही पिकल्या भोकराच्या गरानेच डकवत असू. तिथे तीच फळे उकळून चीक करतात आणि काड्यांना फासून त्या झुडपांत खोचतात. पक्षी बसला की पाय चिकटतात, धडपडला की पंख, आणि ते सोडवायला गेला की चोचही. त्या दिवसापासून भोकराचे लोणचे पानात आले की घास जरा अडतोच.

मोठा धंदा मात्र जाळ्यांचा. केप पिला परिसरात, ब्रिटिश लष्करी तळाच्या हद्दीत, शिकाऱ्यांनी पक्ष्यांना भुलवायला ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या आणि नळ टाकून त्या जगवल्या. मधल्या पट्ट्यांत जाळी ताणायची, रात्रभर पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवायचे, आणि पहाटे खडे मारून उतरलेले थवे जाळ्यात हाकायचे. 2016 च्या शरद ऋतूत एकट्या त्या तळावर 8 लाखांहून अधिक पक्षी मारले गेल्याचा अंदाज होता. सैनिक बाभळी तोडायला गेले, तर लोकांनी रस्ता अडवला! जाळ्यात कोण सापडेल याचा नेम नसतो. काड्या आणि जाळ्यांत मिळून दीडशेहून अधिक जातींची नोंद आहे, त्यात घुबडे आणि वेड्या राघूचे युरोपीय भाऊबंदही.

ही शिकार 1974 पासून बेकायदा आहे. तरी ती चोरून चालते; मात्र कायदा राबवला की फरक पडतो. तळावर गस्त आणि छुपे कॅमेरे वाढले, तेव्हा 2017 मध्ये आकडा 2 लाख 60 हजारांपर्यंत उतरला. पण डिसेंबर 2020 मध्ये सायप्रसच्या संसदेने वटवट्यासह काही जातींचे 50 पर्यंत पक्षी मारल्यास होणारा दंड 2 हजार युरोंवरून 200 वर आणला. म्हणजे पाच ताटल्या विकल्या की दंड वसूल.

ही ताटली मागवणारे बहुतेक स्थानिकच, पर्यटक थोडे, हेही सांगायला हवे. तेव्हा सगळा दोष आपल्या माथी मारून घ्यायचे कारण नाही. पण 'एकदा चव बघायला काय हरकत' म्हणत त्यात मराठी गिऱ्हाइकाची भर कशाला? आपल्याकडे लावे-तितरांच्या बाबतीत हेच वाक्य किती वेळा ऐकले आहे!

पुढच्या रविवारी पुरवणीत चार ओळींचा खुलासा छापावा, ही विनंती. आणि लेखिका पुन्हा गेल्या, तर सप्टेंबरात अक्रोतिरीजवळच्या कड्यांवर जरूर जावे. एलिओनोराचा ससाणा तिथे मुद्दाम उशिरा, ऐन स्थलांतराच्या हंगामात पिल्ले वाढवतो, आणि त्यांना भरवतो याच लहान पक्ष्यांचे मांस. त्याला शिकार करताना मी तासभर उन्हात उभा राहून पाहिले. मान आखडली, पण जेवणाची आठवणही झाली नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा